दोन आण्यांचं गाव

नव्या रायपुरातले रस्ते सायकलवाल्याच्या बाबतीत भारी उदार आहेत. लांबलचक सरळ डांबर, कडेला सायकलसाठी वेगळी पट्टी, चौकाचौकात फुलझाडांची वर्तुळं, आणि सकाळी साडेसातला दूरवर एखादी सरकारी बस. अर्धा तास गेला तरी घंटी वाजवायची वेळ येत नाही. पाट्यांवर सेक्टरचे आकडे असतात. पण वाट चुकलात आणि गुराख्याला सेक्टर विचारलात, तर तो नुसता बघत राहतो. कयाबांधा विचारा, कोटराभाठा विचारा, झांझचा तलाव विचारा. लगेच हात वर होतो.

रायपूर शहराच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर, माना विमानतळाच्या पलीकडे, ४१ गावांच्या शिवारात ही राजधानी आखली गेली. छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० ला. मंत्रालय इथे हललं २०१२ मध्ये. २०१८ साली वाजपेयी गेल्यावर नावाला ‘अटल नगर’ जोडलं गेलं. परसद्याला क्रिकेटचं स्टेडियम आहे, उपरवाऱ्याला विधी विद्यापीठ आणि पुरखौती मुक्तांगण, खंडव्याला जंगल सफारी, तूत्याला धरणं धरायची जागा (सरकारनं आंदोलनालाही पत्ता नेमून दिलाय). पाहुणे गाडीतून हे सगळं एका दिवसात उरकतात आणि संध्याकाळी रायपुरात परततात. मला मात्र आमचं गाव बघायचं होतं. ‘आमचं’ हा शब्दही जपूनच वापरायला हवा. सोळा आण्यांपैकी दोन आणेच ते आमचं होतं.

मालगुजारीचा, म्हणजे गावाच्या मालकीचा, हिशेब आण्यांत चालायचा. अख्खं गाव म्हणजे सोळा आणे. भावकीत वाटण्या होत होत कुणाकडे चार आणे, कुणाकडे दोन आणे, कुणाकडे नुसत्याच पया उरायच्या. पणजोबांकडे या भागातल्या एका गावाचे दोन आणे होते. गावाचं नाव लिहीत नाही; तिथल्या जमिनीची भांडणं अजून कचेरीत आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी कायद्यानं संपली. दोन आणे गेले, पण आत्याच्या तोंडून गाव काही गेलं नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या वाड्यात दुपारी सुपारी कातरत ती गावाच्या गोष्टी सांगायची, आणि तिच्या गोष्टीत गाव दहा-बारा मैल लांब असलं तरी बिंबाजी भोसले शेजारच्या घरात राहत असायचा.

आमच्या रायपुरी मराठी घरांमध्ये इतिहास असाच शेजारधर्मानं सांगितला जातो. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपुरावर चालून गेला, आणि हैहयवंशी राजानं फारसा झगडा न करता शरणागती पत्करली. पुढे रघूजीचा मुलगा बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार बघत होता. आत्याच्या लेखी त्यानं दोन कामं केली. रतनपूरच्या टेकडीवर रामाचं देऊळ बांधून त्या जागेचं रामटेक केलं, आणि दसऱ्याला सोनं वाटायची चाल इकडे आणली. दुसऱ्या कामाबद्दल ती जास्त भरभरून बोलायची. “अन् लोकं म्हणून राहिले की मराठे नुसते लुटायला आले,” असं ती कुणाला तरी उद्देशून म्हणायची. ते लोक कोण, हे मला लहानपणी कळलं नाही.

बिंबाजीनंतर सुभेदार आले. विठ्ठल दिनकर नावाच्या सुभेदारानं जुनी गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले, परगण्यावर कमाविसदार नेमले, आणि मोडीत दप्तर ठेवणाऱ्या कारकुनांची या मुलखात चंगळ झाली. आमच्या घराण्यातला पहिला माणूस त्याच रांगेत इथे पोचला, असं घरचं म्हणणं. १७९५ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्लंट या वाटेनं गेला तेव्हा रायपुरात सुमारे ३ हजार झोपड्या होत्या. राजधानी तेव्हा रतनपूरच. १८१८ नंतर इंग्रजांच्या मेजर ॲग्न्यूनं ठाणं रायपुरात आणलं. थोडक्यात, रायपूर हीसुद्धा कधीतरी एक ‘नवी’ राजधानी होतीच. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. कमाविसदारी संपली, पण पुढच्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावांचे मालक ठरवून दिले, तेव्हा आमच्यासारखी काही घरं दप्तराच्या गादीवरून उठून थेट मालगुजारीच्या ओट्यावर जाऊन बसली. सारा भरायचा तो गाववाल्यांनीच. आत्याच्या गोष्टीत मात्र सारा कधी गोळाच होत नसे. तिथे फक्त देवळं बांधली जायची आणि तलाव खणले जायचे.

सायकल तिच्या गोष्टीत आली ती आजोबांबरोबर. आजोबा शाळा तपासायचे. त्यांची रॅले सायकल होती, चामड्याची सीट, दिव्याला डायनॅमो. जानेवारीत ती दिमाखात धावायची, आषाढ लागला की तीच आजोबांच्या खांद्यावर बसायची. कारण माती. इथला शेतकरी मातीला नावानं ओळखतो. कन्हार म्हणजे काळी, चिकण. मटासी पिवळसर. डोरसा त्या दोन्हींच्या मधली. आणि भाठा म्हणजे उंचवट्यावरची लाल मुरमाड जमीन, जिथे धान होत नाही. कन्हारातून सायकल नेली की दहा पावलांत मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून आजोबा पावसाळ्याच्या तोंडाला दोन्ही मडगार्डं खोलून ठेवत आणि पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन शाळेत शिरत. गाडीवाटाही कन्हार टाळून भाठ्याभाठ्यानंच जायच्या. एका तलावाच्या पाळीवरून दुसऱ्या तलावाच्या पाळीवर, मधे भाठा, अशी त्यांची वाट.

नव्या राजधानीच्या आखणीत मोठाल्या इमारती भाठ्यावर उभ्या राहिल्या, हे सायकलवरून फिरताना लक्षात येतं. मोटारीत चढ कळत नाही, पायाला कळतो. रुंद रस्ता सोडून एखाद्या जुन्या वाटेला लागलात, तर ती हळूहळू चढते, मग तलावाच्या पाळीपाशी उतरते आणि तिथून दुसरं गाव दिसायला लागतं. सेंध तलावाच्या कडेला हिवाळ्यात बदकं बसतात आणि त्यांना पाहायला दुर्बिणवाले येतात. चार पावलांवर पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, बायका कपडे आपटत असतात. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत.

या वेळी पौष पौर्णिमा साधून गेले होते. भाचा बरोबर होता, सायकलीही त्याच्याच. आदल्या दिवशी आम्ही मंदिर हसौदकडून चंदखुरीला जाऊन आलो. तिथे तलावाच्या मधोमध कौसल्येचं देऊळ आहे. ती या मुलखाची लेक, म्हणून राम अख्ख्या छत्तीसगडचा भाचा. त्यामुळे इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. तात्यापाऱ्यातल्या आमच्या मामांनीही ही रीत कधीच उचलली, आणि पुण्याकडून येणारी सोयरी मंडळी मामाला वाकताना बघून दर वेळी चक्रावतात.

आमच्या गावाची वाट मुख्य रस्त्याला जिथे फुटते तिथे बसथांबा आहे, काचेचा. तिथून आत जेमतेम दीड किलोमीटर. धान कापून झालं होतं, खारात, म्हणजे गावच्या शिवारात, लाखडी हिरवी होती. धान उभं असतानाच, शेतात ओल आहे तोवर, लाखडीचं बी त्यात फेकून देतात. त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, फुकटात पीक. एक म्हातारी कोवळे शेंडे खुडून पदरात घेत होती, भाजीसाठी. गावाच्या तोंडाशी पांढऱ्या निशाणाचा सतनाम्यांचा खांब, जैतखाम, पुढे गौरापूजेचा ओटा, गौराचौरा, आणि गल्लीत पोरांची झुंड पिशव्या घेऊन दारोदार फिरत होती. पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. पोरं धान मागतात आणि कुणी नाही म्हणायचं नसतं.

आम्हीही अडवले गेलो. आमच्याकडे धान कुठलं असणार? भाच्यानं दहाची नोट काढली तर पोरांनी तोंड वाकडं केलं, मग घेतली. शेवटी एका घराच्या परछीत, म्हणजे ओसरीत, बसलेल्या म्हाताऱ्यानं हाक मारून आम्हाला बोलावलं आणि स्वतःच्या ढिगातलं मापभर धान माझ्या ओंजळीत ओतलं, मी ते पोरांच्या पिशवीत टाकावं म्हणून. ते माप वेताचं होतं, गोल, कडेला झिजून गुळगुळीत झालेलं. काठा. वीस काठ्यांची एक खंडी. पूर्वी इथे शेतही खंडीवरच मोजत, म्हणजे किती बी पेरलं जातं त्यावरून. आत्या “आपली तीन खंडीची कन्हार” असं म्हणायची, तेव्हा ती तांदूळ मोजतेय असंच मला वाटायचं.

“काखर घर के हस नोनी?” म्हाताऱ्यानं विचारलं. मी आजोबांचं नाव सांगितलं. त्याला लागलं नाही. शाळा तपासायचे म्हणाले, मराठे महाराज, तात्यापारा. नाही. मग सायकल म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. “साइकिल वाले महाराज!”

पुढचा तासभर आम्ही परछीतच होतो. त्याच्या नातवानं काळा चहा आणला. बबा, म्हणजे तो म्हातारा, ऐंशीच्या पुढचा असावा. कान शाबूत, दात दोनच. आत्याच्या गोष्टी मी त्याच्यासमोर एकेक ठेवत गेले आणि तो त्या आपल्या बाजूनं उलटून दाखवत गेला.

छोट्या गाडीची गोष्ट दोघांची सारखी निघाली. १९०० मध्ये रायपूर ते धमतरी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. तेलीबांधा, माना, भटगाव, केंद्री, मग अभनपूर. तिथून एक फाटा राजिमला. आत्या माघी पुन्नीच्या जत्रेला या गाडीनं राजिमला जायची. सायकल गार्डाच्या डब्यात. गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं वेचत आणि पुन्हा चढत. बबानं बोरांऐवजी ऊस सांगितला, बाकी सगळं तेच. आता रायपूर ते केंद्री त्या रुळांच्या जागेवरून एक्सप्रेस वे जातो. ३० मार्च २०२५ पासून मोठ्या रुळांची गाडी मंदिर हसौदवरून, नव्या रायपुरातून अभनपूरला जायला लागली आहे. बबा अजून तिच्यात बसलेला नाही. बोरं वेचता येत नाहीत, म्हणाला.

तलावाच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी झाल्या. आत्याच्या गोष्टीत छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, पणजोबांनी गावाला तलाव खोल करून दिला. बबाच्या गोष्टीत तलाव त्याच्या आजीनं खोल केला. डोक्यावर टोपली, दिवसाकाठी ओंजळभर तांदूळ, आणि तलावाच्या पाळीवरच बाळंत झालेली एक बाई, जिचं मूल जगलं. आजीनं सांगितलेलं तो तसंच सांगत होता, मधे हात टोपलीसारखे धरून.

टोपली म्हटलं की मला माधवराव सप्रे आठवतात. मराठी घरातला हा माणूस रायपूर-बिलासपुरात शिकला. १९०० च्या जानेवारीत वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकरांच्या साथीनं पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. १९०१ मध्ये त्यांनी याच मासिकात एक छोटीशी कथा छापली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. जमीनदाराला वाडा वाढवायचा असतो, शेजारी विधवेची झोपडी असते. तो ती कोर्टाकडून मिळवतो. म्हातारी येऊन चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि ती टोपली उचलायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. ती त्याला उचलत नाही. हिंदीवाले ही आपली पहिली कथा की नाही यावर वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. दुष्काळात टोपल्या वाहणाऱ्या बायका बघितल्याशिवाय हा माणूस ती कथा लिहू शकला नसता, असं मला आपलं वाटतं. आणि लिहिणारा तात्यापाऱ्याच्या बाजूचा होता, पण उभा झोपडीच्या दारात होता. आमच्या घरात सप्र्यांचं नाव आदरानं घेतलं जायचं. ही कथा मात्र आत्यानं कधी सांगितली नाही.

मग जमिनीचा विषय निघालाच. या भागात एक चाल होती, लाखाबाटा. दर काही वर्षांनी गाव सगळी शेतं एकत्र धरायचं आणि नव्यानं वाटायचं. वाटताना प्रत्येकाला प्रत्येक मातीतला तुकडा मिळायला हवा. थोडी कन्हार, थोडी मटासी, थोडी डोरसा, म्हणजे कुठलाही पाऊस झाला तरी कुणी पूर्ण बुडत नाही आणि कुणी एकटा पिकत नाही. इंग्रजांच्या बंदोबस्तात शेत ज्याच्या नावावर चढलं त्याच्याकडेच राहिलं आणि ही चाल हळूहळू मेली. मागे राहिले ते विखुरलेले तुकडे. बबाच्या घराची पाच एकर होती, नऊ ठिकाणी.

राजधानीसाठी जमीन घेतली तेव्हा त्यातले काही तुकडे गेले, काही राहिले. गेले ते रस्त्यात आणि बागेत, राहिले ते अशा कोपऱ्यांत की नांगर न्यायला वाट नाही. एकगठ्ठा शेत असतं तर एकतर सगळं गेलं असतं, नाहीतर सगळं राहिलं असतं. ज्या वाटणीनं पिढ्यान् पिढ्या कुणाला बुडू दिलं नव्हतं, तिच्यामुळेच आता हिशेब लागेना. २०२२ च्या सुरुवातीला इथल्या गावांतले शेतकरी मोबदला आणि पुनर्वसनासाठी महिनोन् महिने धरणं धरून बसले होते. बबाही जाऊन बसायचा. “बइठे बर का लागथे,” तो म्हणाला, बसायला काय लागतं.

मी आजोबांकडे परत आले. आत्या सांगायची की आजोबा गावात शिरले की पोरं धावत यायची आणि हौसेनं सायकलचा चिखल काढायची. बबा हसला. तो त्या पोरांपैकीच होता. बांबूची काडी घेऊन चाकातला चिखल उकरायचा, मग विहिरीचं पाणी आणून धुवायची, आणि महाराज तोवर शाळेत पाढे विचारायचे. जो सायकल धुतो त्याला पाढे विचारले जात नसत, म्हणून चढाओढ असायची खरी. मी विचारलं, पैसे द्यायचे का?

“पइसा? कइसन पइसा? बेगारी रिहिस.”

हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. पाऊस पडायचा म्हणावं तसं म्हणाला. मग लगेच पुढे सांगितलं की एकदा महाराजांनी त्याला स्वतःहून बोलावून तेराचा पाढा विचारला, तो आला नाही, आणि दुसऱ्या खेपेला आला. तेराचा पाढा त्यानं आम्हाला म्हणून दाखवला. तेरा नव्वे एकशेसतरा इथे थांबला, मोजलं, आणि पुढे गेला. भाचा सगळं फोनवर टिपत होता.

आत्याची गोष्ट खोटी होती असं मी म्हणणार नाही. पोरं धावत येत होती, हे दोघंही सांगतात. ती कशासाठी धावायची ते वाड्यातून दिसत नव्हतं आणि परछीतून दिसत होतं, एवढंच. दोन आण्यांचा मालक आणि सायकल धुणारा पोरगा एकाच गावाच्या दोन बाजूंना राहत होते. मधल्या दहा-बारा मैलांत आजोबांची सायकल रोज ये-जा करायची आणि तरी एक निरोप कधी पोचला नाही.

निघताना बबानं एक काम सांगितलं. जुन्या बंदोबस्तात प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला जायचा. तलावाचं पाणी कुणी वापरायचं, गुरं कुठे चारायची, जळण कुठून तोडायचं, गावाच्या सगळ्या चालीरीती त्यात असतात. निस्ताराचा, म्हणजे गावाच्या रोजच्या वापराचा, तलाव म्हणून आपला तलाव त्यात नोंदला असेल, तर पुढेमागे कुणी कुंपण घालायला आलं की दाखवायला कागद होईल. कचेरीत अर्ज करूनही नक्कल हाताला लागलेली नाही. पण मालगुजाराच्या घरी एक प्रत असायचीच, असं त्याचा बाप सांगायचा. “तोर घर मा होही, खोज के देख.”

असेलही. पणजोबांची लोखंडी ट्रंक वाडा विकला तेव्हा चुलतभावानं नागपूरला नेली. केंद्रीच्या फाट्यावर उसाचा रस पिताना मी त्याला फोन लावला. ट्रंक माळ्यावर आहे, म्हणाला, वरच्या थराला वाळवी लागली होती म्हणून मागच्या दिवाळीत एक गठ्ठा फेकला, खालचं अजून उघडून पाहिलेलं नाही. नक्की काय शोधायचंय? मी वाजिब-उल-अर्ज म्हटलं. त्यानं स्पेलिंग विचारलं. मग बबाच्या नातवाचा नंबर त्याला पाठवला आणि त्यालाच थेट विचार म्हटलं.